रिकाम्या बाटलीची अनामत : ओरेगॉनचा कायदा आणि त्यामागचा वाद

शीतपेय किंवा बिअर विकताना बाटलीपोटी ग्राहकाकडून थोडी जादा रक्कम घ्यायची आणि रिकामी बाटली परत आली की ती रक्कम परत द्यायची, ही अनामतीची रीत कोणत्याही सरकारने काढलेली नाही. ती पेये भरणाऱ्या व्यापाऱ्यांनीच काढली, आणि तिच्यामागे निसर्गरक्षणाचा विचार नव्हता, तर काच महाग होती एवढेच साधे कारण होते. डब्लिनमधील थ्वेट्स ही सोडावॉटर बनवणारी पेढी १७९९ मध्येच रिकाम्या बाटल्या परत करणाऱ्यांना डझनामागे दोन शिलिंग देऊ करत होती, आणि पुढे युरोप, अमेरिका आणि त्यांच्या वसाहतींमध्ये जिथे जिथे बाटलीबंद पेयांचा धंदा पोचला तिथे तिथे ही रीतही त्याच्या पाठोपाठ गेली. असे असताना १९७० च्या दशकात अमेरिकेत या रीतीला कायद्याचे बळ देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा तिला सर्वांत कडवा विरोध केला तो पेय उद्योगाने आणि त्याला डबे-बाटल्या पुरवणाऱ्या कारखानदारांनी. दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्यांनी अनामत स्वखुशीने घेतली आणि परत केली, त्यांनाच ती कायद्याने सांगितल्यावर जाचक का वाटली, हे समजून घेतल्याखेरीज या कायद्यांवरचा वाद नीट उलगडत नाही, आणि तो समजून घेण्यासाठी ओरेगॉन या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील राज्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शीतपेयाचा धंदा हा मूलतः गावोगावच्या बाटली भरणाऱ्यांचा धंदा होता. कोका-कोलासारखी कंपनी अर्क बनवून विकत असे. त्यात सोडावॉटर मिसळून ते बाटल्यांत भरणे आणि दुकानांपर्यंत पोचवणे हे काम स्थानिक परवानाधारक करत. पाच सेंटांना मिळणाऱ्या पेयाची जाड काचेची बाटली आतल्या पेयापेक्षा महाग पडत असल्यामुळे ती विकणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून पेय ग्राहकाचे आणि बाटली भरणाऱ्याची, असा व्यवहार ठरला आणि बाटली परत यावी यासाठी एक-दोन सेंट अनामत म्हणून वेगळे घेतले जाऊ लागले. माल पोचवणारा ट्रक भरलेले क्रेट उतरवून रिकामे क्रेट चढवूनच परतत असे, कारखान्यात बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून धुवून निघत आणि पुन्हा भरल्या जात. एकेका बाटलीच्या अशा अनेक फेऱ्या होत असल्याने तिची मूळ किंमत या फेऱ्यांवर विभागली जाई, आणि परतीचा रस्ता जितका छोटा तितका हा हिशेब फायद्याचा ठरे. ही व्यवस्था टिकली ती लोकांच्या सद्वर्तनावर नव्हे, तर प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाचे थोडे पैसे तिच्यात अडकलेले असल्यामुळे, आणि पुढे कायदा करणाऱ्यांनी नेमके हेच सूत्र उचलले.

हा हिशेब बिघडला तो हळूहळू. २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात क्रूगर या कंपनीची बिअर पत्र्याच्या डब्यात पहिल्यांदा विक्रीला आली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार लढणाऱ्या सैनिकांना डब्यातून बिअर पाठवली गेली, कारण रणभूमीवरून बाटल्या परत येण्याची कोणी अपेक्षा करणार नव्हते, आणि एकदा पिऊन टाकून देण्याची सवय ही मंडळी घरी घेऊन आली. तरीही युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील जवळजवळ सर्व शीतपेय परत येणाऱ्या बाटल्यांतूनच विकले जात होते. त्यानंतरच्या वीस वर्षांत मात्र तीन बदल एकमेकांच्या हातात हात घालून आले. शेकडो स्थानिक ब्रुअरी बंद पडून किंवा विकल्या जाऊन बिअरचे उत्पादन मोजक्या राष्ट्रीय कंपन्यांच्या हाती गेले आणि त्यांना शेकडो मैलांवरून रिकाम्या बाटल्या परत आणणे नको झाले. १९५६ नंतर बांधल्या गेलेल्या आंतरराज्य महामार्गांमुळे दूरवरचा एकेरी माल स्वस्त झाला. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याची जागा घेणाऱ्या सुपरमार्केटांना रिकाम्या, चिकट बाटल्या मोजून घेण्यासाठी माणूस आणि जागा गुंतवायची नव्हती. अनामतीची गरज ज्याला होती त्या उत्पादकाचीच गरज संपली आणि बाटली परत येणे हा त्याच्या दृष्टीने लाभाऐवजी खर्च बनला. तो खर्च नाहीसा मात्र झाला नाही. तो रस्त्याकडेच्या चरांत, शेतांत आणि नगरपालिकांच्या कचराडेपोंत जाऊन पडला.

याची पहिली तक्रार आली ती शेतकऱ्यांकडून. व्हरमाँट या ईशान्येकडील दूधदुभत्याच्या राज्यात मोटारींतून भिरकावलेल्या बाटल्या कुंपणापलीकडच्या गवतात पडत आणि काचेचे तुकडे चाऱ्याबरोबर गुरांच्या पोटात जाण्याची भीती असे. तेव्हा १९५३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने एकदाच वापरायच्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी घातली. हा कायदा मुदतीचा होता आणि १९५७ मध्ये मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्याच १९५३ साली ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अमेरिकन कॅन कंपनी आणि ओवेन्स-इलिनॉय ग्लास कंपनी हे डबे आणि बाटल्या बनवणारे मोठे कारखानदार होते. संस्थेचे काम दिसायला निर्विवाद होते. लोकांनी कचरा इतस्ततः टाकू नये, मुलांना शाळेत तसे शिकवावे, रस्त्यांवर कचरापेट्या असाव्यात, याला कोण विरोध करील? परंतु या सगळ्या प्रचारातून प्रश्नाची मांडणीच बदलली. बाटली एकदाच वापरायची का बनवली गेली हा प्रश्न बाजूला पडला आणि ती फेकणाऱ्या माणसाचे वर्तन तेवढे चर्चेत राहिले. २२ एप्रिल १९७१ रोजी, वसुंधरा दिनाच्या दिवशी, दूरचित्रवाणीवर झळकलेली तिची जाहिरात अमेरिकेत अजूनही लोकांच्या लक्षात आहे : अमेरिकन इंडियन वेशातील एक वृद्ध होडी वल्हवत प्रदूषित किनाऱ्याला लागतो, धावत्या मोटारीतून फेकलेला कचरा त्याच्या पायाशी पडतो आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. तो अश्रू ढाळणारा नट जन्माने इटालियन वंशाचा होता ही गोष्ट पुढे बरीच चघळली गेली. अधिक महत्त्वाचे हे की कचऱ्याचे दुःख इतक्या प्रभावीपणे दाखवणाऱ्या संस्थेमागचे उद्योग त्याच काळात अनामतीच्या कायद्यांविरुद्ध राज्याराज्यांत लढत होते.

ओरेगॉनमध्ये हा लढा उभा राहिला तो समुद्रकिनाऱ्यामुळे. १९६७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने राज्याची संपूर्ण किनारपट्टी लोकांसाठी खुली ठेवणारा कायदा केला होता आणि गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी त्यासाठी आपले वजन खर्ची घातले होते. त्यामुळे किनारा आपला आहे ही भावना तिथल्या नागरिकांत ताजी होती. रिचर्ड चेंबर्स हे विक्रेत्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ या किनाऱ्यावर नेहमी पायी फिरत आणि वाटेत दिसणाऱ्या बाटल्या-डबे गोळा करत. शेजारच्या कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात परत न येणाऱ्या बाटल्यांवर निर्बंध घालण्याचा विचार चालू असल्याचे १९६८ मध्ये त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आपल्या भागाचे लोकप्रतिनिधी पॉल हॅनमन यांच्याकडे असाच कायदा ओरेगॉनमध्ये करण्याचा आग्रह धरला. हॅनमन यांनी १९६९ च्या अधिवेशनात विधेयक मांडले, ते थोड्या मतांनी पडले आणि त्या वेळी गव्हर्नर मॅकॉल यांनीही त्याला पाठिंबा दिला नव्हता. त्यांचा भर तेव्हा उद्योगांना सोबत घेऊन चालवायच्या स्वच्छता मोहिमेवर होता. पुढच्या दोन वर्षांत मॅकॉल यांचे मत बदलले. माणसांच्या सद्भावनेला आवाहन करून जे साधत नाही ते पाच सेंटांनी साधेल, या निष्कर्षाला ते आले आणि १९७१ च्या अधिवेशनात त्यांनी विधेयक उघडपणे स्वतःचे म्हणून पुढे रेटले. राज्याबाहेरून आलेल्या प्रचारकांची विधिमंडळाच्या इमारतीत गर्दी झाली, पण ओरेगॉनसारख्या स्वाभिमानी राज्यात त्या गर्दीचा उलटाच परिणाम झाला. २ जुलै १९७१ रोजी मॅकॉल यांनी विधेयकावर सही केली आणि १ ऑक्टोबर १९७२ पासून ते अमलात आले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने १९७० मध्येच असा कायदा केलेला होता. अमेरिकेत मात्र सर्व बिअर आणि शीतपेयांच्या डब्या-बाटल्यांवर अनामत सक्तीची करणारे ओरेगॉन हे पहिलेच राज्य होते.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण त्याच्या कर्त्यांना केवळ बाटल्या गोळा करायच्या नव्हत्या, तर त्या पुन्हा भरल्या जाव्यात असे वाटत होते. सर्वसाधारण डबा किंवा बाटली यांवर किमान पाच सेंट अनामत ठरली. परंतु एकाहून अधिक उत्पादकांना वापरता येईल अशा प्रमाणित आकाराच्या बाटलीवर ती फक्त दोन सेंट ठेवली गेली. म्हणजे सगळ्यांच्या उपयोगी पडणारी साधी बाटली वापरणाऱ्याला ग्राहकापुढे स्वस्त दिसण्याचा लाभ आणि स्वतःच्या खास आकाराचा किंवा डब्याचा आग्रह धरणाऱ्याला तोटा, असा कल कायद्यातच घातलेला होता. दुकानदाराने आपण विकत असलेल्या प्रकारची रिकामी बाटली नाकारायची नाही आणि वितरकाने ती दुकानदाराकडून घ्यायचीच, अशी साखळी बांधून दिल्यामुळे जुनी व्यापारी रीत कायद्याच्या चौकटीत पुन्हा उभी राहिली. याखेरीज एक छोटे पण फार परिणामकारक कलम होते. त्या काळी पेयांच्या डब्यावरील पत्र्याची जीभ कडीला बोट अडकवून ओढली की कडीसह पूर्ण सुटून हातात येई आणि लोक ती जागच्या जागी टाकून देत. कडेला धार असलेल्या या जिभा वाळूत दडून अनवाणी पायांत घुसत आणि चमकदार असल्यामुळे मासे आणि पक्षी त्या गिळत. ओरेगॉनने अशी सुटणारी जीभ असलेले डबे विकण्यावरच बंदी घातली. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यावर डब्यालाच चिकटून राहणाऱ्या जिभेची रचना निघाली आणि आज जगभर तीच वापरात आहे. हे शक्य नाही असे म्हणणाऱ्या उद्योगाला बाजार बंद होण्याची वेळ आल्यावर ते शक्य झाले, ही गोष्ट या वादात पुन्हा पुन्हा आठवण्याजोगी आहे.

डबे बनवणाऱ्या, बिअर बनवणाऱ्या आणि शीतपेय भरणाऱ्या कंपन्यांनी कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. आंतरराज्य व्यापारावर एखाद्या राज्याला अशी बंधने घालता येत नाहीत, दूरच्या उत्पादकांवर या कायद्याचा भार जास्त पडतो आणि म्हणून तो भेदभाव करणारा आहे, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. १९७३ मध्ये ओरेगॉनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. कायदा राज्यातील आणि राज्याबाहेरील उत्पादकांना सारखाच लागू आहे, आणि निसर्गाची हानी व उद्योगाचा तोटा यांची तुलना रुपयापैशांत करून कोणते पारडे जड ते ठरवणे हे न्यायालयाचे काम नसून लोकनियुक्त विधिमंडळाचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. दरम्यान रस्त्यांवरचा पुरावाही बोलू लागला होता. रस्त्याकडेच्या कचऱ्यात पेयांच्या डब्या-बाटल्यांचा वाटा कायद्यापूर्वी सुमारे ४० टक्के होता, तो १९७३ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास आणि १९७९ पर्यंत ६ टक्क्यांवर आला.

इतके यश दिसल्यावर हा कायदा देशभर पसरायला हवा होता, पण तसे घडले नाही. व्हरमाँटने १९७२ मध्ये कायदा केला. १९७६ मध्ये मेन आणि मिशिगन या राज्यांतील मतदारांनी सार्वमतातून तो मंजूर केला आणि मिशिगनने तर अनामत थेट दहा सेंट ठेवली. त्यानंतर आयोवा, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क अशी राज्ये आली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९८२ मध्ये प्रस्ताव नाकारला, मग १९८६ मध्ये तिथे दुकानांऐवजी स्वतंत्र संकलन केंद्रांवर भर देणारी तडजोड झाली. ओरेगॉनच्या शेजारच्या वॉशिंग्टन राज्याने तर हा प्रस्ताव एकाहून अधिक वेळा मतपेटीतून फेटाळला. मार्क हॅटफील्ड या ओरेगॉनच्या सिनेटरांनी संपूर्ण देशासाठी असा कायदा व्हावा म्हणून वारंवार प्रयत्न केले, पण ते विधेयक कधीच संमत झाले नाही. २००२ मध्ये हवाई राज्याने कायदा केल्यानंतर अमेरिकेत एकाही नव्या राज्याने तो केलेला नाही; उलट डेलावेअरने २०१० मध्ये आपला कायदा मागे घेतला आणि आज पन्नासांपैकी केवळ दहा राज्यांत तो आहे.

विरोधकांचे मुद्दे या सर्व लढ्यांत जवळपास तेच राहिले, आणि ते सगळेच पोकळ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. डबे आणि काचेच्या कारखान्यांतील कामगारांच्या नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि त्यामुळे पोलाद व काच कामगारांच्या संघटना बऱ्याच ठिकाणी मालकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. छोट्या किराणा दुकानदारांची जागेची आणि स्वच्छतेची अडचणही खरी होती, कारण उष्ट्या बाटल्यांवर मुंग्या-झुरळे येतातच. राज्याच्या सीमेवरचा प्रश्न तर आजही सुटलेला नाही, कारण शेजारच्या राज्यात अनामत न भरता घेतलेले डबे मिशिगनमध्ये नेऊन दहा-दहा सेंट वसूल करण्याचे प्रकार चालत आले आहेत. परंतु सर्वांत प्रभावी ठरलेला मुद्दा १९८० च्या दशकात पुढे आला आणि तो वेगळ्याच जातीचा होता. शहरांनी घरोघरी जाऊन पुनर्चक्रणाचा कचरा, म्हणजे वितळवून पुन्हा वापरता येणारा कागद, काच, धातू आणि प्लास्टिक, वेगळा गोळा करण्यास सुरुवात केली होती; तेव्हा उद्योगाने असे मांडले की ही व्यवस्था असताना बाटल्यांसाठी वेगळा खटाटोप कशाला, आणि कचऱ्यातील सर्वांत मोलाची वस्तू असलेला अॅल्युमिनियमचा डबा अनामतीच्या वाटेने निघून गेला तर शहरांची ही योजना तोट्यात जाईल. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पाण्याच्या आणि इतर पेयांच्या बाटल्या कायद्याखाली आणण्याचा प्रस्ताव सार्वमताला आला, तेव्हा हाच मुद्दा मोठ्या खर्चाने लोकांपुढे नेला गेला आणि सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी प्रस्ताव नाकारला.

या युक्तिवादाचे खरे मर्म खर्च कोणाच्या खिशातून जातो यात आहे. घरोघरच्या संकलनाचा ट्रक, चालक आणि वर्गीकरण केंद्र यांचा खर्च नगरपालिका, म्हणजे करदाता, उचलतो, मग तो कोणते पेय पितो वा पितच नाही याला महत्त्व राहत नाही. अनामतीच्या व्यवस्थेत तो खर्च उत्पादक, वितरक आणि पेय घेणारा यांच्यातच राहतो. शिवाय घरी बसून प्यायलेल्या पेयाची बाटली ट्रकपर्यंत पोचतेही, पण प्रवासात, मैदानावर किंवा समुद्रकिनारी रिकाम्या झालेल्या बाटलीचे काय, याचे उत्तर घरोघरच्या संकलनात नाही. उद्योगाने पुनर्चक्रणाचा पुरस्कार केला तो या अर्थाने सोयीचा होता : बाटली एकदाच वापरण्याची मुभा त्याच्याकडे राहिली आणि ती उचलण्याची जबाबदारी इतरांकडे गेली.

ओरेगॉनच्या कायद्यातही एक उणीव राहून गेली होती. १९७१ मध्ये ठरवलेले पाच सेंट महागाईबरोबर वाढवण्याची तरतूद त्यात नव्हती, त्यामुळे त्यांचे मोल दरवर्षी घसरत गेले. किमतींच्या निर्देशांकाने पाहिले तर १९७१ चे पाच सेंट २०१७ मध्ये सुमारे तीस सेंटांच्या बरोबरीचे होते. इतर पेयांना कायदा लागू करण्याचा प्रस्ताव १९९६ मध्ये खुद्द ओरेगॉनच्या मतदारांनीच नाकारला, आणि बाटलीबंद पाणी त्याखाली आले ते २००९ मध्ये. बाटल्या परत येण्याचे प्रमाण दरम्यान घसरत गेले. २०११ च्या सुधारणेत त्यावर एक शहाणपणाचा तोडगा ठेवण्यात आला : हे प्रमाण सलग दोन वर्षे ८० टक्क्यांखाली राहिले तर अनामत आपोआप दहा सेंट व्हावी. २०१५ मध्ये प्रमाण ६४ टक्क्यांवर आले, तरतूद लागू झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून दहा सेंट घेतले जाऊ लागले; २०१९ पर्यंत परतीचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या जवळ पोचले. पाच सेंटांच्या एवढ्याशा वाढीने लोकांचा स्वभाव बदलला असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती रिकाम्या बाटलीची किंमत.

परत न मागितलेल्या अनामतीचे काय होते, हा प्रश्न सहसा मागे राहतो, पण वादाचा मोठा भाग त्यातच आहे. मिशिगनमध्ये अशा रकमेचा तीन-चतुर्थांश भाग राज्याकडे आणि उरलेला दुकानदारांकडे जातो, मॅसॅच्युसेट्समध्ये ती राज्याच्या तिजोरीत जमा होते, तर ओरेगॉनमध्ये ती पहिल्यापासून वितरकांकडेच राहिली. २००९ मध्ये वितरकांनी एकत्र येऊन ओरेगॉन बेव्हरेज रीसायकलिंग को-ऑपरेटिव्ह ही सहकारी संस्था काढली आणि संकलनाची केंद्रे, मोजणी यंत्रे आणि वाहतूक तिच्याकडे सोपवली. आपल्याच पैशाने चालणारी व्यवस्था नीट चालावी यात त्यांचा स्वार्थ गुंतला हे चांगले झाले. पण जितक्या बाटल्या परत येणार नाहीत तितका पैसा शिल्लक राहतो, ही विसंगतीही त्याच रचनेत आहे आणि टीकाकारांनी तिच्यावर बोट ठेवणे रास्त आहे.

कायद्याच्या मूळ हेतूचा एक भाग मात्र निसटला. दोन सेंटांच्या सवलतीमुळे सुरुवातीच्या वर्षांत पुन्हा भरायच्या बाटल्यांना ओरेगॉनमध्ये उठाव आला, पण प्लास्टिकची हलकी बाटली आणि अॅल्युमिनियमचा डबा यांच्यापुढे त्या टिकल्या नाहीत आणि परत आलेला माल धुण्याऐवजी चुरून-वितळवून नवा करण्याकडे सगळी व्यवस्था झुकली. २०१८ मध्ये त्याच सहकारी संस्थेने काही छोट्या ब्रुअरींना बरोबर घेऊन धुवून पुन्हा भरायच्या बिअरच्या बाटल्या नव्याने सुरू केल्या, हे त्या मूळ हेतूकडे टाकलेले उशिराचे पण योग्य दिशेचे पाऊल आहे. युरोपातही हीच ओढाताण दिसते. डेन्मार्कने १९८१ पासून बिअर आणि शीतपेये पुन्हा भरायच्या बाटल्यांतूनच विकण्याची सक्ती केली, त्याविरुद्धचे प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले आणि १९८८ मध्ये त्या न्यायालयाने पर्यावरणाचे रक्षण हे मुक्त व्यापारावर मर्यादा घालण्याचे वैध कारण असू शकते असे सांगून अनामतीची व्यवस्था मान्य केली, मात्र काही अटी अति ठरवून रद्द केल्या. जर्मनीने १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांवर २५ सेंटांची अनामत बसवली ती पुन्हा भरायच्या बाटल्यांचा घसरता वाटा सावरण्यासाठी. परतीचे प्रमाण तिथे जगात सर्वोच्च पातळीवर गेले, पण स्वस्त मालाच्या दुकानसाखळ्यांनी परतीची यंत्रे बसवून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचीच सोय केली आणि शीतपेयांत पुन्हा भरायच्या बाटलीची पीछेहाट थांबली नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात हा विषय आता कायद्याच्या रूपाने पोचला आहे, पण इथली जमीन ओरेगॉनपेक्षा वेगळी आहे. इथेही जुनी रीत होती : गोटी सोड्याच्या बाटल्या, इराण्याकडच्या थंड पेयांचे क्रेट, आणि मुंबईत १९४९ नंतर उभ्या राहिलेल्या आरे दूध योजनेच्या केंद्रांवर कार्ड दाखवून, रिकामी काचेची बाटली देऊन भरलेली नेण्याची पद्धत एका पिढीच्या अंगवळणी पडलेली होती. प्लास्टिकची पिशवी आणि पेटची, म्हणजे पारदर्शक हलक्या प्लास्टिकची, बाटली आल्यावर ती रीत मोडली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी लागू केली तेव्हा पेट बाटल्यांवर परतखरेदीची किंमत छापण्याची आणि दुधाच्या पिशव्या ५० पैशांना परत घेण्याची कल्पना तिच्यात होती. दूधसंघ आणि पेय उत्पादकांनी अडचणी मांडल्या आणि ग्राहकाच्या अनुभवात ही योजना कधी रुजली नाही. गोव्याने ऑगस्ट २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली, ज्यात प्रत्येक बाटलीला, डब्याला आणि वेष्टनाला स्वतंत्र ओळख देऊन रक्कम परत करण्याची रचना आहे. तिथल्या व्यापारी आणि मद्यविक्रेत्यांनी घेतलेल्या हरकती, म्हणजे साठवणुकीची जागा, वाढणारी किंमत आणि राज्याबाहेरून येणारा माल, या ओरेगॉनच्या विधिमंडळात १९७१ मध्ये ऐकू आलेल्या हरकतींहून फारशा वेगळ्या नाहीत.

फरक आहे तो बाटली उचलणाऱ्या हातांत. ओरेगॉनच्या कायद्याने मुख्यतः ग्राहकाला बाटली परत करायला लावले. पुण्या-मुंबईत ती आधीच कोणीतरी उचलत असते. १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांच्या या श्रमाला कामाचा दर्जा मिळवून दिला आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून घरोघरचे संकलन हाती घेतले. बिअरची काचेची बाटली भारतात आजही भंगारवाल्यांच्या साखळीतून ब्रुअरीपर्यंत परत जाते, धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते, कारण जुनी बाटली नवीपेक्षा स्वस्त पडते. एकेकाळी अमेरिकेत जे कारण होते तेच. पेटच्या बाटलीलाही भंगारात भाव मिळतो, म्हणून इथे अनामत आणण्याची गरजच नाही असे उत्पादक म्हणतात. पण हा भाव वेचकाला मिळतो तो अत्यल्प, बाजाराबरोबर वरखाली होणारा, आणि दुर्गम किनाऱ्यावरून किंवा घाटातून बाटली गोळा करून आणण्याचे श्रम भरून न काढणारा. अनामत ही ठरलेली, कायद्याने बांधलेली रक्कम असते. ती वेचकाच्या हाती थेट पडेल की यंत्रे आणि केंद्रे चालवणाऱ्या कंपन्या त्याला बाजूला सारून ग्राहकाशीच व्यवहार करतील, हे संकलन केंद्रे कोणाला दिली जातात, वेचकांच्या संस्थांना ती चालवता येतील का आणि एका वेळी शेकडो बाटल्या घेऊन येणाऱ्याला दारातून परत पाठवता येईल का, या नियमांच्या बारीक कलमांवर अवलंबून आहे.